तुकूम

आज १५ सप्टेंबर, अभियंता दिन. पाटबंधाऱ्यांच्या कचेऱ्यांत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांच्या तसबिरीला हार पडेल, चहा-सामोसे होतील आणि कोणीतरी माइकवरून ‘गरज ही शोधाची जननी’ असं बजावेल. दरवर्षी बजावतात. त्या वाक्याशी आमचं भांडण नाही. फक्त ते जिथे खरं ठरलं आणि जिथे पुढे खोटं पडलं, अशा एका जागेवरून आज त्याच्याकडे बघावं म्हणतो.

जागा म्हणजे चोरखमारा. गोंदिया जिल्हा, तिरोडा तालुका. पर्यटकांना हे नाव माहीत असतं ते नागझिऱ्यात शिरायचं एक गेट म्हणून. आत्ता पावसाळ्यात ते बंद आहे, जिप्सी नाहीत, दुर्बिणी नाहीत, त्यामुळे गाव आपल्या कामात आहे. उत्तरा नक्षत्र लागलंय. तलावाच्या पाळीवर उभं राहिलं की एका अंगाला डोंगराच्या कुशीत साठलेलं पाणी आणि दुसऱ्या अंगाला खाली उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या. हलकं धान निसवलंय. भारी धान अजून पोटरीत आहे. बांधावर उकिडवा बसलेला एक म्हातारा शेतकरी लोंबीतला एक दाणा चिमटीत धरून दाबतो. बोटाला पांढरं दूध लागतं. ते धोतराला पुसून तो म्हणतो, “आता पानी भेटला त दाना भरते भाऊ. नाही भेटला त सप्पा पोचा.” आभाळ निरभ्र आहे. नेमक्या याच पंधरवड्यात पाऊस पाठ फिरवतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून तलावाची खरी परीक्षा जुलैत होत नाही. ती सप्टेंबरात होते.

पश्चिम महाराष्ट्रातला माणूस इथे आला की चक्रावतो. वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखाला तलाव कशाला हवेत? आमच्याकडे चारशे मिलिमीटरात ज्वारी निघते की! पण ज्वारी आणि धान यांत फरक आहे. धान चार-पाच महिने शेतात उभं राहतं आणि त्यातला बराच काळ त्याचे पाय ओले लागतात. पाऊस मात्र मोजक्या दिवसांत धो धो पडून मोकळा होतो. जमिनीखाली काळ्याभोर थरांचा बेसॉल्टही नाही, जुनाट कठीण खडक आहे. त्यात पाणी मुरतं कमी आणि विहिरी उन्हाळ्याआधीच तळ दाखवतात. वर डोंगर, खाली खडक, मध्ये वाहून जाणारं पाणी. या तिढ्याला उत्तर एकच होतं, पाणी पडलं तिथेच जमिनीच्या वर अडवायचं.

ते उत्तर कोहळ्यांनी शोधलं. कोहळी समाज बनारसच्या बाजूने आला अशी परंपरा सांगितली जाते. गोंड राजांच्या काळात त्यांनी भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या या पट्ट्यात तलावांचं जे जाळं विणलं, ते आजही नकाशावर निळ्या ठिपक्यांच्या सड्यासारखं दिसतं. पूर्व विदर्भातल्या अशा तलावांची संख्या सहा-सात हजारांच्या घरात जाते. बोड्या, म्हणजे शेतकऱ्याच्या स्वतःच्या शेतातली छोटी तळी, वेगळ्याच.

यातलं कसब जरा जवळून बघण्यासारखं आहे. त्यांच्यापाशी चुन्याच्या भट्ट्या लावायला पैसा नव्हता, घडीव दगडाची भिंत परवडणारी नव्हती, उंचसखल मोजायला दुर्बीण नव्हती. मग सगळा हिशेब डोळ्यांनी आणि पावसाच्या पाण्याने. पहिल्या पावसात ओढा कुठून वळतो, कुठे थबकतो, हे बघत हिंडायचं. दोन टेकड्या जिथे जवळ येतात तिथेच मातीची पाळ घालायची, म्हणजे बांधायचं थोडं आणि अडायचं फार. माती तलावाच्या पोटातलीच, त्यामुळे खणलं की खोलीही आपोआप वाढते. बैलांच्या आणि माणसांच्या पायांनी ती तुडवून घट्ट करायची. जास्तीचं पाणी काढायला कडेला टणक जमिनीवरून सलंग, म्हणजे आपला सांडवा. मातीच्या पाळीवरून पाणी गेलं तर पाळ उरणार नाही, हे ज्ञान कुठल्याही पुस्तकातून आलेलं नव्हतं. फुटलेल्या पाळीतून आलेलं होतं. आणि शेताकडे पाणी सोडायला तुडुम. त्याला एकाखाली एक भोकं, भोकांना दट्ट्या. पाणी जसं उतरेल तसा खालचा दट्ट्या काढायचा. म्हणजे नेहमी वरचं, उन्हाने कोमटलेलं पाणी धानाला मिळतं आणि तळाच्या दाबाने तुडुम फुटायची भीती राहत नाही. एका तलावाचं ओसंडलेलं पाणी खालच्या तलावात, त्याचं त्याच्याखालच्या. डोंगरावरून निघालेला थेंब नदीला मिळेपर्यंत चार गावांची चाकरी करून जायचा.

नवेगावबांध तर सर्वांनी पाहिलेला असतो. मारुती चितमपल्लींनी तो मराठी वाचकांच्या घरात नेऊन ठेवला. भोवतीच्या सात टेकड्या जोडून कोलू पाटील कोहळी याने तो बांधला, अशी आख्यायिका आहे. लोकांनी पुढे त्या कोलू पाटलाचा देव केला. तलाव बांधणाऱ्याला देव करणारा मुलूख तसा शहाणाच म्हणायचा. पुतळे उभारण्यापेक्षा हे स्वस्तातलंही आहे.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. गरज कोहळ्यांनाच होती का? दुष्काळ, अवर्षण, उपास हे महाराष्ट्राच्या कोणत्या भागाने पाहिले नाहीत? गरज सगळीकडे होती. गरजेने माणूस शोधक होतो, तसा परागंदाही होतो. याच जिल्ह्यातली माणसं रोवणी आटपली की नागपूरला, रायपूरला, पार हैदराबादेपर्यंत कामाला जातात, तीही गरजच. अडचण माणसाला दोन रस्ते दाखवते. त्यातला कुठला धरायचा हे अडचण ठरवत नाही. ते दुसरं काहीतरी ठरवतं. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांकडे त्या दुसऱ्या गोष्टीला एक नाव होतं. तुकूम.

हीरशहा या गोंड राजाच्या नावावर सांगितला जाणारा हुकूम असा की जो जंगल तोडून गाव वसवेल त्याच्याकडे गावाची मालकी आणि जो तलाव बांधेल त्याला त्या तलावाच्या पाण्याने भिजेल तेवढी जमीन. तेवढी, हा शब्द महत्त्वाचा. बक्षिसाचा आकडा राजाने ठरवला नाही, पाण्याने ठरवला. पाळ चांगली घातली, पाणी लांबवर पोचलं तर जमीन जास्त. पाळ फुटली तर काहीच नाही. नजराणा नाही, टेंडर नाही, उद्‌घाटन नाही. तो हक्क म्हणजे तुकूम, आणि चंद्रपूर-गडचिरोलीत आजही अनेक गावांच्या नावाला तुकूम चिकटलेलं दिसतं. चंद्रपूर शहरातल्या तुकूम भागात राहणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की आपण एका जुन्या करारावर राहतो!

एक गोष्ट इथे झाकून ठेवायला नको. टोपलीने माती वाहिली ती बाईबाप्यांनी आणि तुकूम मिळालं ते पाटलाला. पुढे मालगुजारीत, म्हणजे इथल्या जमीनदारीत, तर बेगारीची कामं होतीच. तलावातली मासळी ढिवरांनी पकडायची, पण तलावावर त्यांचा शब्द चालायचा नाही. ज्यांच्या जंगलात पाणी तुंबलं त्या गोंडांना कुणी विचारलं असेलसं वाटत नाही. जुनं ते सोनं म्हणून मिरवणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. तरी एक उरतंच. अडचण, ती सोडवायची मुभा आणि सोडवली तर हाती येणारा वाटा, या तिन्ही गोष्टी त्या काळी एकाच माणसाच्या दारात आल्या आणि त्यातून हजारो तलाव उभे राहिले.

चोरखमाऱ्याचा तलाव मात्र कोहळ्यांचा नव्हे. तो इंग्रजी अमलातला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांताची दैना केली. त्याआधी सरकारी समजूत अशी की एवढ्या पावसाच्या प्रांताला पाटबंधारे काय करायचेत? हजारो माणसं अन्नावाचून गेली तेव्हा समजूत बदलली. १९०१ ते १९०३ या काळात सिंचन आयोग बसला आणि त्यानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत रामटेक, चांदपूर, बोदलकसा, खैरबंडा, आसोलामेंढा, घोडाझरी आणि चोरखमारा असे मोठे तलाव या पट्ट्यात झाले. साहेबाच्या इंजिनिअरांपाशी दुर्बिणी होत्या, नकाशे होते, लोखंडी दारं होती. पण जागा हेरण्याची रीत बघा. डोंगरांच्या बेचक्यात मातीची पाळ. कोहळ्याची अक्कल, मोठ्या मापात.

आता याच बोदलकसा-चोरखमाऱ्याच्या जलाशयांत वैनगंगेचं पाणी पंपांनी चढवून टाकायची धापेवाडा उपसा सिंचन योजना आहे. पाणी आलं तर शेतकऱ्याला हवंच आहे, त्यात दुमत नाही. फक्त जो तलाव डोंगरावरून फुकट उतरणाऱ्या पाण्यासाठी बांधला, त्यात वीज जाळून खालचं पाणी वर आणताना पाणलोटाचं आणि पोटातल्या गाळाचं काय झालं, हेही कुणी विचारायला हवं.

गाळ साचून राहायला लागला तो १९५१ नंतर. मध्य प्रदेशच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली. जायलाच हवी होती. तिच्याबरोबर तलावही सरकारजमा झाले, म्हणजे कुणाचेच राहिले नाहीत. दप्तरात त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणू लागले आणि कारकुनी घाईने त्याचं ‘मामा तलाव’ केलं. मराठीत मामा बनवणं म्हणजे काय ते सांगायला नको. पाळ एका टेबलावर, पाणी दुसऱ्या, मासेमारीचा ठेका तिसऱ्या. दट्ट्या सडला तर शेतकऱ्याने अर्ज करायचा आणि मंजुरी येईपर्यंत पाणी वाहून जायचं. पूर्वी उन्हाळ्यात गावातले लोक तलावातला गाळ बैलबंडीने काढून आपल्या खरडीच्या जमिनीत टाकत. खत फुकट मिळायचं, तलावही खोल राहायचा. तलाव आपला नाही म्हटल्यावर तो गाळही परका झाला. अडचण कमी झाली का? उलट वाढली. गरज तशीच, पाऊस तसाच, खडक तोच. पण त्या साठ-सत्तर वर्षांत या हजारो तलावांवर, पुढे येणारा एक अपवाद सोडला तर, एकही नवी युक्ती निघाल्याचं ऐकिवात नाही. ‘गरज ही शोधाची जननी’ म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यायला हवं.

उत्तरासाठी पुन्हा त्या तसबिरीकडे वळू. विश्वेश्वरय्या पुण्यात शिकले आणि १८८४ साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले. पुण्याला पाणी पुरवणाऱ्या खडकवासल्याच्या धरणाची अडचण साधी होती. पावसाळ्यात वरून आठ-आठ फूट पाणी वाहून जायचं आणि उन्हाळ्यात ओरड व्हायची. धरणाची उंची वाढवायची तर जुन्या भिंतीवर भार. त्यांनी भिंतीला हात न लावता सांडव्यावर दारं बसवली. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर चढलं की ती आपोआप उघडत, उतरलं की मिटत. वॉचमन नको, चावी नको. १९०३ साली ती बसली आणि तेवढ्याच धरणात सुमारे आठ फूट पाणी जास्त मावू लागलं. पेटंट त्यांच्या नावावर झालं. रॉयल्टी मात्र त्यांनी नाकारली, कारण काम सरकारी नोकरीत असताना केलेलं.

इथे आमच्या तुकुमाच्या सिद्धान्ताला खोट लागते, हे कबूल करतो. वाटा नाकारूनही माणूस शोध लावतो. पण जरा नीट पाहिलं तर विश्वेश्वरय्यांना जे मिळालं होतं तेही कमी नव्हतं. दर महिन्याचा पगार होता, हाताखाली माणसं होती, आणि चालत्या धरणावर आपली कल्पना बसवून बघायची मुभा होती. वरिष्ठांनी फाइल दाबून ठेवली असती तर ती दारं कागदावरच राहिली असती. मुभा हेच त्यांचं तुकूम. पोट भरलेल्या आणि प्रतिष्ठा लाभलेल्या माणसाला पैशाचा वाटा सोडणं जमतं. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्याने काय करावं?

त्याचं उदाहरण याच झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्यात आहे. नांदेड, तालुका नागभीड, जिल्हा चंद्रपूर. दादाजी खोब्रागडे तिसरीपर्यंत शिकलेले, शेत दीडेक एकर. १९८३ मध्ये पटेल-३ वाणाच्या धानात त्यांना काही पिवळसर लोंब्या वेगळ्या दिसल्या. आपण असतो तर कापणीत ओढून टाकल्या असत्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या लावल्या, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा निवडल्या. प्रयोगशाळा नव्हती, मदतनीस नव्हता, प्रयोगाला वेगळी जमीन नव्हती. डुकरांनी खाऊ नये म्हणून त्या तुकड्याभोवती काट्यांचं कुंपण केलं. पाच-सात वर्षांच्या या निवडीतून बारीक, शिजल्यावर मोकळा होणारा तांदूळ निघाला. बाजारात त्याला नाव हवं होतं, तेव्हा एचएमटीच्या घड्याळांची चलती होती, म्हणून तो ‘एचएमटी’ झाला. आज नागपूरच्या हॉटेलात पुलाव मागवणारा नकळत त्यांच्याच हातचं खातो. त्यांनी पुढे आणखी सात-आठ वाण काढले. २००५ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलामांच्या हस्ते पुरस्कार मिळाला, फोर्ब्सच्या यादीत नाव आलं. वाण मात्र गावोगावी पसरत गेला आणि पैसा गिरण्यांत आणि बाजारपेठांत फिरत राहिला. ३ जून २०१८ रोजी दादाजी गेले, ते आजारपण आणि तंगी यांच्याशी झगडत.

दादाजींवर लिहिताना अनेकांची लेखणी ‘प्रतिकूलतेतून फुललेली प्रतिभा’ या वळणाला जाते. आमच्या जिवावर येतं. प्रतिकूलतेचं कौतुक करणारे बहुधा तिच्या बाहेर राहत असतात. दीड एकरामुळे त्यांची नजर तीक्ष्ण झाली असेल, एकेक लोंबी बघावी लागत होती म्हणून वेगळी लोंबी दिसली असेल, हे मान्य. पण त्याच दीड एकराने किती लोंब्या निसटू दिल्या असतील! पंधरा एकर असते, मुलाच्या औषधाची, घरच्या उधारीची चिंता नसती, तर आठ-नऊ वाणांचे पंचवीस झाले असते की नाही, सांगा. मर्यादा कल्पनेला धार लावते, हे सुरीच्या बाबतीत खरं असतं तसंच. घासत राहिलं तर सुरीच संपते.

गोंड राजाच्या दरबारात दादाजी गेले असते, तर हिशेब सोपा होता. तुझ्या बियाण्याने भरली तेवढी शेतं तुझी. तसं आज करता येणार नाही, करूही नये. पण २००१ चा वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आपल्याकडे आहे, त्यात शेतकऱ्याने काढलेल्या वाणाची नोंद होते, लाभात वाट्याची तरतूद आहे. तुकुमाचा तो आजचा अवतार म्हणता येईल. मात्र त्याची वाट ज्या अर्जांतून जाते ते अर्ज तिसरी पास माणसाला भरता येतील, असे केलेले नाहीत.

या सगळ्यात अर्जुनी मोरगावच्या बाजूला एक वेगळी गोष्ट घडली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथल्या ढिवर मच्छीमारांच्या सहकारी संस्थांनी आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने काही जुने तलाव हाती घेतले. तलावात बेशरम माजलेली. (वनस्पतीचं नाव आहे, कुणी ठेवलं त्याला सलाम.) मासळी घटलेली, कारण सरकारी मार्गदर्शनाने फक्त बाहेरचं बोटुकलं सोडायचं आणि मोठं करून विकायचं चाललेलं. म्हाताऱ्या ढिवरांना आठवत होतं की पूर्वी तलावाच्या पोटात कुठे कोणती वनस्पती असायची आणि कोणता मासा तिथे अंडी घालायचा. त्यांनी बेशरम मुळापासून उपटली, उन्हाळ्यात तलावाचा कडेचा भाग नांगरला आणि पावसाळ्याआधी पाण्यातल्या देशी वनस्पती आणून रोवल्या. धान रोवतात तशा, ओळीने. तलावात रोवणी! हे कुठल्या विद्यापीठाला सुचलं नसतं. मरळीसारखी गावठी मासळी परतली, तिच्या मागे पाखरं आली. पैसा थोडा, साधनं म्हणजे हात आणि नांगर. त्यांना सुचलं आणि बाकीच्या हजारो तलावांना सुचलं नाही, याचं कारण दूर शोधायला नको. मासेमारीचा ठेका संस्थेकडे होता. तलावात जे वाढेल ते आपल्या जाळ्यात येणार, एवढी खात्री होती.

म्हणून आजच्या दिवशी मागणं मागायचंच तर आमचं एवढंच. मामा तलावांच्या दुरुस्तीसाठी निधीच्या घोषणा होतात, पोकलेन येतात, गाळ निघतो, फोटो छापून येतात. पुढच्या पाच वर्षांनी गाळ पुन्हा. त्याऐवजी एकेका तलावाची पाळ, पाणी, मासे आणि गाळ ही चार टेबलं एका ग्रामसभेच्या सतरंजीवर आणून ठेवावीत. शेतकरी, ढिवर आणि भूमिहीन तिघांचा वाटा आधी लिहून ठेवावा. मागच्या वेळी टोपली वाहणारीला तुकूम मिळालं नव्हतं, ती चूक पुन्हा नको. वेगळ्या युक्त्या मग त्यांच्या त्यांना सुचतील, आपल्या शिबिरांची त्यांना गरज पडणार नाही.

चोरखमाऱ्याला कालव्याचं पाणी सोडलं की रात्री झोप नसते. नावात चोर असलेल्या गावी पाणीचोरीची गोष्ट सांगायला संकोच वाटतो, पण अंधारात कुणाच्या बांधाचं तोंड कोण फोडेल याचा नेम नाही. तो सकाळचा म्हातारा बॅटरी आणि फावडं घेऊन बांधीवर आलाय. पाटाचं पाणी धानाच्या बुंध्यांतून येतंय, ते दिसत नाही, ऐकू येतं. तो वाकून बांधाला एक वीतभर तोंड करतो, बाजूची माती तळव्याने थापतो, जास्त जाऊ नये म्हणून त्यात तणसाची मूठ कोंबतो. मग बॅटरी विझवतो आणि उभा राहतो. खालच्या बांधीत कुणीतरी खोकतं, आपणही जागे आहोत हे कळावं म्हणून.